पाठमोरं बाळ

काल फोन ठेवताना तू म्हणालीस, "ताई, जुनी का होईना, पण व्होल्व्हो घेतोय. आता बाळाची काळजी मिटली." मी काही बोलले नाही. तुझा आवाज इतका खुशीत होता की पाचव्या महिन्यात तुझ्या आनंदावर विरजण घालायला जीव धजेना. पण रात्री झोप लागली नाही, म्हणून आज सवडीने बोलतेय. तू स्वीडनला, लिनशॉपिंगला येऊन चार महिने झालेत, मला गॉथेनबर्गात अकरा वर्षं झाली. या गाडीच्या गावात मी दोन लेकरं वाढवलीत. एवढ्या काळात जे कळलं ते तुला सांगायला नको का?

गाडी चांगलीच आहे, घ्या. माझी हरकत आहे ती तुझ्या "काळजी मिटली" या दोन शब्दांना.

आपल्या चिंचवडला व्होल्व्हो म्हणजे एसी बस, "व्होल्व्होने आलो" म्हटलं की मुंबईहून बसने आलो. इथे आल्यावर मला कळलं की बस-ट्रकची कंपनी आणि मोटारींची कंपनी १९९९ पासून वेगळ्या आहेत. मोटारींची तेव्हा फोर्डकडे गेली आणि २०१० पासून चीनच्या जीलीकडे आहे. पण नावाचा उगम ऐकशील तर तुलाही घरचं वाटेल. आपल्या चिंचवडचा एसकेएफचा कारखाना आठवतो ना? त्या बॉल बेअरिंगवाल्या स्वीडिश कंपनीनेच १९१५ मध्ये हे नाव नोंदवलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ "मी फिरतो". एसकेएफमधले असार गाब्रिएल्सन आणि इंजिनिअर गुस्ताफ लार्सन या दोघांनी पुढे त्या नावाने मोटार काढली. १४ एप्रिल १९२७ ला पहिली गाडी इथल्या हिसिंगेन बेटावरच्या कारखान्यातून बाहेर पडली. ती वरून उघडी होती, आणि या थंडीत लोकांना बंद गाडी हवी होती. तरी इथले रस्ते आणि इथली थंडी पेलेल अशी गाडी करायची, हे त्यांनी सुरुवातीपासून धरलं होतं.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते निल्स बोलीनबद्दल. तुझ्याच लिनशॉपिंगला साबचा विमानांचा कारखाना आहे. बोलीन साबमध्ये लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीवर काम करायचा. १९५८ मध्ये व्होल्व्होचे प्रमुख गुन्नार एंगेलाउ यांनी त्याला बोलावून घेतलं. एंगेलाउंच्या नात्यातलं माणूस मोटार अपघातात गेलं होतं, असं सांगतात. तेव्हाचे बरेचसे पट्टे नुसते कमरेला, बक्कल थेट पोटावर. धडक बसली की ते बक्कलच आतल्या अवयवांना इजा करायचं. बोलीनने एक पट्टा छातीवरून तिरका घेतला, एक ओटीपोटाच्या हाडांवरून आडवा, आणि दोन्ही सीटच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकवले. एका हाताने लागतो, जागचा हलत नाही. वैमानिक जिवाच्या भीतीने काहीही बांधून घेईल, पण मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई घेणार नाही, हे त्याने नीट ओळखलं. म्हणून मला तो माणूस फार मोठा वाटतो.

१३ ऑगस्ट १९५९ ला असा पट्टा लावलेली पहिली गाडी क्रिस्टियानस्टाडच्या विक्रेत्याकडे पोचली. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं, पण इतर गाडीवाल्यांना तो पट्टा वापरायला मोकळीक दिली. आज पुण्यातल्या रिक्षाशेजारून जाणाऱ्या कुठल्याही मोटारीत तू जो पट्टा ओढतेस, तो हाच. पुढे १९६७ मध्ये बोलीनने स्वीडनमधल्या २८ हजारांवर अपघातांचा हिशेब मांडून पट्ट्याने इजा किती कमी होतात ते दाखवलं. पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा व्हायला इथेही १९७५ उजाडलं आणि मागच्या सीटसाठी १९८६. म्हणजे जिथे हा पट्टा जन्मला तिथल्या लोकांनाही सवय लागायला इतकी वर्षं गेली. आपल्याकडे मागे बसलेली माणसं अजूनही पट्ट्याचं टोक पाठीमागे दाबून ठेवतात. तू तसं करू नकोस. टॅक्सीत नाही, मैत्रिणीच्या गाडीत नाही, दोन मिनिटांवरच्या दुकानाला जातानाही नाही.

आता तुझ्या पोटाबद्दल. तू म्हणालीस पट्टा दाबतो म्हणून हल्ली काखेखालून घेतेस. अगं, तसं अजिबात करू नकोस! आडवा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, जांघेशी सपाट बसला पाहिजे. तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या बाजूने खाली जाऊ दे. पोटावरून कुठलाच पट्टा जाता कामा नये. थंडीचं जाड जाकीट आधी काढ किंवा त्याची बटणं उघडून पट्टा आत घे, कारण जाकिटाच्या फुगवट्यावर बांधलेला पट्टा धडकेच्या वेळी सैल ठरतो. गाडी तू चालवत असशील तर पाय पेडलला नीट पोचतील इतपत ठेवून सीट मागे सरकव, पोट आणि स्टिअरिंगमध्ये जागा राहू दे. या शतकाच्या सुरुवातीला व्होल्व्होने लिंडा नावाची गरोदर बाईची प्रतिकृती संगणकावर तयार केली होती, पट्टा आणि एअरबॅग यांचा आईवर आणि पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो ते पाहायला. हे मला माझ्या पहिल्या खेपेला कळलं आणि मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते. कोणीतरी आपला विचार केलाय, असं वाटलं.

कारण तो सहसा होत नाही, राणी. धडकेच्या चाचणीत जे बाहुले बसवतात ते वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचे. "बाईचा" म्हणून जो असायचा तो पुरुषाचाच लहान केलेला, १४९ सेंटिमीटर उंच, ४८ किलोचा, म्हणजे बाराएक वर्षांच्या मुलीएवढा. मागून धडक बसली की मानेला हिसका बसून होणारी दुखापत बायकांना जास्त होते, हे कळूनही चाचणी त्याच मापावर. तुझ्याच गावात व्हीटीआय नावाची रस्ते-वाहतूक संशोधन संस्था आहे. तिथल्या आस्ट्रिड लिंडर यांनी सरासरी बाईचा, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोचा बाहुला पुढे आणला. व्होल्व्होने १९९८ पासून मागून धडक बसताच पाठीसकट झुकणारी सीट दिली, २००४ मध्ये बायकांनीच आखलेली एक प्रायोगिक गाडी जिनिव्हाला दाखवली (तिच्या डोकेटेकणीला वेणीसाठी खाच होती), आणि २०१९ मध्ये चाळीसेक वर्षांत प्रत्यक्ष अपघातांतून गोळा केलेली माहिती सगळ्यांना खुली केली. १९७० पासून त्यांचं एक पथक गॉथेनबर्गच्या आसपास अपघात झाला की तिथे जाऊन पाहतं, काय मोडलं, कोण कुठे बसलं होतं. मला या कंपनीबद्दल आदर आहे तो या कामासाठी.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळ गाडीत पाठमोरं बसवायचं, म्हणजे गाडी जिकडे चाललीय तिकडे पाठ करून. इथे चार वर्षांचं होईपर्यंत तरी तसंच बसवा म्हणतात, आणि लोक खरंच बसवतात. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं आणि मान दुबळी. तोंड पुढे करून बसवलं तर समोरून धडक बसताच धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा भार मानेवर. पाठमोरं असलं की तोच भार पाठ, डोकं आणि सीटवर पसरतो. बर्टिल आल्डमन नावाच्या स्वीडिश डॉक्टरला हे सुचलं ते अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन कसे झोपलेले असतात ते पाहून. १९६४ मध्ये त्याची सीट गाडीत तपासली गेली आणि १९७२ मध्ये व्होल्व्होने आपली पहिली पाठमोरी सीट विकायला काढली.

तुम्ही पाहताय त्या व्ही-७०मध्ये मागच्या सीटमधून वर येणाऱ्या गाद्या आहेत म्हणून तू खूश झालीस. त्या मोठ्या मुलांसाठी, साधारण १५ किलोच्या पुढच्या. बाळासाठी वेगळी सीट लागेलच. ती घेताना प्लस टेस्टचं चिन्ह बघ. ही चाचणीही व्हीटीआयचीच, मानेवर किती ताण येतो ते मोजणारी, आणि पुढे तोंड असलेली एकही सीट तिच्यात उत्तीर्ण झालेली नाही. सीट कोणाची वापरलेली, अपघातातून गेलेली नको, मग फुकट मिळाली तरी. पुढच्या सीटवर बाळ पाठमोरं ठेवलंत तर त्या बाजूची एअरबॅग किल्लीने बंद केलीच पाहिजे, आणि ती बंद असल्याचा दिवा लागलाय का ते दर वेळी डोळ्यांनी पाहायचं. दार उघडल्याबरोबर आधी तो दिवा, मग बाळ, अशी सवयच लाव.

एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. हिवाळ्यातला आमचा एक प्रवास, थोरली दोन वर्षांची. इथे १ डिसेंबर ते ३१ मार्च हिवाळी रस्ता असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. नोव्हेंबरचे चार दिवस बाकी होते, म्हणून मी टायर बदलायचं पुढे ढकललं. बोरोसच्या रस्त्यावर पहाटे पुलावर न दिसणारा बर्फ होता. गाडी माझ्या हातातून गेली, बाई गं. स्टिअरिंग वळतंय आणि गाडी सरळ चाललीय. कठड्याला घासून थांबली तेव्हा माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला होता आणि लेक मागे भुकेने रडत होती. तिला ओरखडाही नव्हता. मी रस्त्याकडेला उभी राहून किती वेळ तिला छातीशी धरलं मला आठवत नाही. गाडी व्होल्व्होच होती. रस्ता धरायचं काम टायरचं होतं आणि हिवाळी टायर माझ्या गॅरेजमध्ये पडून होते. त्यानंतर मी कधी तारखेची वाट पाहिली नाही.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा आधी टायर बघा. हिवाळी टायरला कायद्याने किमान ३ मिलिमीटर खोली हवी, पण मी त्याहून जास्तच बघेन. जाहिरातीत "१८ हजार मील" वाचून जावईबापू हरखले ना? इथला मील म्हणजे १० किलोमीटर. ती गाडी १ लाख ८० हजार किलोमीटर चाललीय! त्याने बिघडत नाही, सर्व्हिसचं पुस्तक पुरं भरलेलं असलं तर. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची नोंद मागा. नसेल तर बदलला नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. आम्ही पहिल्या गाडीच्या वेळी लाजून विचारलंच नाही आणि पुढच्याच महिन्यात मोठा खर्च बसला. खाली वाकून चाकांच्या कडा आणि दाराखालची पट्टी बघा, रस्त्यावरचं मीठ तिथेच गंज धरवतं. जुन्या गाडीचं बेसिक्टनिंग, म्हणजे सरकारमान्य तपासणी, दर १४ महिन्यांनी करावी लागते. मागच्या वेळी काय काय लिहिलं होतं तो कागद मागायला संकोच नको. आणि इंजिन तापवायचं यंत्र बसवलेलं असेल तर उत्तम, सकाळी बाळाला गारठलेल्या गाडीत ठेवावं लागत नाही.

अमेरिकेत इर्व गॉर्डन नावाचे एक शिक्षक होते. १९६६ मध्ये घेतलेली व्होल्व्हो पी-१८०० त्यांनी २०१३ पर्यंत ३० लाख मैल चालवली, हे अमेरिकेचे मैल हं, इथले नव्हेत. ते वेळच्या वेळी तेल बदलायचे, पुस्तकात लिहिलंय तसं करायचे. जावईबापूंना हे जरूर सांग.

उरली आई. ती बाळंतपणाला येईल आणि दवाखान्यातून निघताना हात पुढे करून म्हणेल, "दे इकडे, मी मांडीवर घेते, एवढ्याशा जिवाला कुठे बांधून ठेवतेस?" आपण दोघी तिच्या मांडीवर बसूनच साताऱ्याला जायचो, तिला त्यात काही चुकीचं वाटणार नाही. तिच्याशी वाद घालू नकोस. "पाय दुमडलेत बघ लेकराचे" म्हणेल, "तोंड दिसत नाही" म्हणेल. तू त्या वेळी थकलेली असशील, रडूही येईल, आणि तिचं मन राखायला एकदा देऊन टाकशील, याचीच मला धास्ती आहे. म्हणून मीच येणार आहे. गाडी मी चालवीन. बाळाची सीट मागे उजवीकडे लावून ठेव, आधीच, आठवा महिना लागला की लगेच, आणि एखादी बाहुली बसवून पट्टे घट्ट करायचा सराव कर. बाळाला जाड कपड्यात गुंडाळून बांधायचं नाही. पट्टे लावून झाले की वरून आईने विणलेली दुलई घालायची. आणि मधली जागा आईला द्यायची, सीटला लागून. तिथे बसलं की पाठमोऱ्या बाळाचं तोंड बरोबर तिच्याकडे येतं, घरी पोचेपर्यंत तिला नातवंडाला बघता येईल.