वरचे पैसे कुणाचे?

अगं धाकटे, सासूबाईंच्या जमिनीचा सौदा ठरतोय हे ऐकून बरं वाटलं. पण पुढचं वाक्य तू फारच सहज बोलून गेलीस. म्हणे खरेदीखत रेडिरेकनरच्या आकड्याने करायचं, बाकीचे वरचे पैसे रोख घ्यायचे, आणि त्याच रोख पैशांतून सावेडीत तुझ्या नावावर फ्लॅट. "ताई, नगरला आता असंच चालतं." चालतं ना. सुप्याच्या एमआयडीसीभोवती चालतं, शिर्डीच्या विमानतळाकडे चालतं, समृद्धी महामार्ग झाल्यापासून कोपरगावकडेही चालतं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण सौद्याची रीत तीच राहिली. म्हणूनच फोनवर घाईत काही न बोलता आज सविस्तर सांगते. भावजींनाही वाचायला दे.

आधी शेजारी काय झालं ते बघ. ऑक्टोबर २०२१मध्ये आयकर खात्याने नाशिक भागात जमिनींचे व्यवहार करणाऱ्यांवर आणि बिल्डरांवर धाडी घातल्या. खात्याने तेव्हा जाहीरच केलं होतं की त्यांची मुख्य गिऱ्हाइकं पिंपळगाव बसवंत भागातले कांद्याच्या आणि दुसऱ्या नगदी पिकांच्या धंद्यातले लोक होते. २३ कोटींहून जास्त रोकड जप्त झाली, १०० कोटींहून जास्त बेहिशेबी उत्पन्न निघालं. त्याच वर्षी डिसेंबरात धुळे-नंदुरबारला जमिनीच्या धंद्यातल्या एका गटाकडे वरच्या रकमांचे आणि रोखीच्या कर्जांचे ५२ कोटींहून जास्तीचे कागद सापडले. आणि ऑगस्ट २०२२ची जालन्याची धाड तर तुला आठवत असेलच. अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्यांतून आले होते, आणि पन्नास कोटींच्या वरची रोकड मोजायला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागला. आपल्याकडे लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात. मला त्यातला नोटांचा ढीग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाची असते ती डायरी.

कारण बिल्डरकडे किंवा एजंटाकडे धाड पडते तेव्हा नुसती तिजोरी उघडत नाहीत. चिठ्ठ्या, वह्या, मोबाइलमधले निरोप, संगणकातले तक्ते सगळं नेतात. त्यात फ्लॅट नंबरापुढे दोन रकाने असतात, एक चेकचा आणि एक रोखीचा. तिथे तुझं नाव असलं की नोटीस तुझ्या दारात येते. धाड त्याच्यावर, जाब तुला. आणि १ सप्टेंबर २०२४ नंतरच्या धाडींसाठी तर मागच्या सहा वर्षांचा एकत्रित हिशेब काढून बेहिशेबी उत्पन्नावर ६० टक्के कर लावायची पद्धत पुन्हा आणली. म्हणजे "झालं की चार वर्षं, आता कोण विचारतंय" हेही खरं नाही.

आता तुमच्या जमिनीचं. हे नीट ऐक, कारण इथे तुम्ही विनाकारण चोर ठरणार आहात. राहुरीपासून दहा-बारा किलोमीटर आत असलेली ती शेतजमीन आयकराच्या दृष्टीने ग्रामीण शेतजमीन ठरते. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेपासून दोन किलोमीटरच्या बाहेर, एक ते दहा लाख वस्तीच्या शहरापासून सहा किलोमीटरच्या बाहेर असलेल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करच नाही. नगर शहर २०११च्या जनगणनेत साडेतीन लाखांचं होतं, म्हणजे त्याला सहा किलोमीटर. अंतर सरळ रेषेत मोजतात, हेही लक्षात ठेव. तेव्हा सासूबाईंनी पूर्ण किंमत खरेदीखतात लिहून घेतली तरी एक रुपयाही कर लागत नाही. मग वरचे पैसे कुणाच्या सोयीचे? गिऱ्हाइकाच्या. त्याला स्वतःचा दोन नंबरचा पैसा खपवायचा आहे, मुद्रांक शुल्क वाचवायचं आहे. तुमचा पांढराशुभ्र पैसा तो काळा करून तुमच्याच कपाटात ठेवणार, आणि तुम्ही त्याला वर चहा पाजणार!

शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला १ जून २०१५पासून मनाई आहे. इसारसुद्धा त्यात आला, सौदा फिसकटला तरी. दंड किती, तर जेवढी रक्कम घेतली तेवढाच. दोन्ही बाजू शेतकरी असतील आणि कुणालाच करपात्र उत्पन्न नसेल तर यातून सूट आहे, पण तुमचं गिऱ्हाईक शेतकरी दाखला असलेला व्यापारी आहे, त्याला ती कुठून मिळायची? आणि दोन लाख किंवा त्याच्या वरची रोकड घेण्यावर २०१७पासून वेगळी बंदी आहेच.

"कांद्याचे पैसे म्हणून सांगू," असं भावजी म्हणतील. आपल्याकडचं हे ठरलेलं उत्तर. पण अधिकारी सातबाऱ्यावरची पीकपाहणी बघतात, आडत्याची पट्टी मागतात, घोडेगावच्या मार्केटला माल गेला असेल तर त्याची नोंद विचारतात. दोन एकरांत पन्नास लाखांचा कांदा कुणाला पटवून देणार? आणि पटलं नाही तर ते पैसे "हिशेब न लागलेले" ठरतात. अशा पैशांवरचा कर नोटबंदीनंतर, डिसेंबर २०१६मध्ये, अधिभार आणि उपकर धरून सव्वासत्त्याहत्तर टक्क्यांवर नेला होता. दर पुढेमागे होतात, पण जमिनीची करमुक्त रक्कम अशी करपात्र करून घेण्यात शहाणपण नाही.

आता मला खरं खटकतंय ते. या सौद्यात नणंदांचाही हिस्सा आहे ना? २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी पक्का केला. पण वाटणी होते कागदावरच्या रकमेची. वरचे पैसे आधीच बाजूला गेलेले असतात, ते कुठे गेले हे विचारायला बहिणीकडे पुरावा नसतो, आणि विचारलं तर माहेर तुटतं. तू स्वतः बहीण आहेस, म्हणून हे बोलते. अर्धी किंमत लपवली की सगळ्यात आधी बायकांचा वाटा लपतो.

गावाचंही नुकसान होतं. सरकार रस्त्यासाठी जमीन घेतं तेव्हा मोबदला ठरवताना रेडिरेकनर आणि आजूबाजूची मागच्या तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीखतं बघतं. सुरत-चेन्नई महामार्गाच्या मोजणीवेळी आपल्या जिल्ह्यातले शेतकरी भाव कमी म्हणून चिडले. रास्तच होतं. पण एकराला चाळीस लाख मिळाले तरी कागदावर बारा लिहिण्याची सवय गावानेच लावून घेतलेली असेल, तर सरकार त्या बाराकडेच बोट दाखवणार.

आणि तो फ्लॅट. तुझ्या नावावर म्हणून तू खूश आहेस, ते समजतं. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे, ती जरूर घे. पण पैसा रोख आणि बेहिशेबी असेल तर नवऱ्याने बायकोच्या नावावर घेतलेली मालमत्ताही बेनामी ठरू शकते. पती-पत्नीला कायद्यात सूट आहे, पण ज्ञात उत्पन्नातून घेतलं असेल तरच. १ नोव्हेंबर २०१६पासून त्याला एक ते सात वर्षं कैद आहे, वर बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, आणि मालमत्ता सरकारजमा होते ती वेगळीच. उद्या बिल्डरने ताबा दिला नाही तर कोर्टात तू करारातलीच रक्कम मागू शकशील, वरची नाही. पुढे फ्लॅट विकशील तेव्हा खरेदीची किंमत कागदावरचीच धरतील, आणि नफा फुगून कर तू भरशील. तीस लाखांपासून पुढची प्रत्येक खरेदी-विक्री निबंधक कार्यालयातून आयकराला कळते, तेव्हा कुणाला पत्ता लागणार नाही हेही डोक्यातून काढ.

दागिन्यांची भीती वाटते म्हणालीस. धाड पडली तरी विवाहित बाईचं ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचं २५० ग्रॅम आणि घरातल्या पुरुषाचं १०० ग्रॅम सोनं जप्त करायचं नाही, अशी ११ मे १९९४ची सूचना आहे. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. जबाब लिहून घेतात तो वाचल्याशिवाय सही करायची नाही. पण तुझ्यावर ती पाळी यावी असं काही करूच नकोस ना.

तेव्हा इसार घेण्याआधी सी.ए.कडे जा, सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांना, नणंदांनाही, एकत्र बसवून खरी किंमत सांगा, आणि सगळी रक्कम बँकेतूनच घ्या. गिऱ्हाईक नाही म्हणाला तर जाऊ दे त्याला, रस्त्यालगतच्या जमिनीला दुसरा येतो. आणि फ्लॅटच्या करारात पूर्ण किंमत लिहिलेली नसेल, तर कोण कितीही घाई करो, तू सही करू नकोस.