कुंडींतील अनोळखी निवडुंग

गेल्या ज्येष्ठांत एका आप्तानें आमच्या उरणच्या घरीं कांटेरी रोपाची कुंडी आणून दिली. नांव त्यांसही ठाऊक नव्हतें. असें रोप हातीं आल्यास तें टांचणीनें किंचित् टोचून पाहावें. पांढरा चीक आला तर तें बहुधा आपल्या बांधावरील त्रिधारी निवडुंगाच्या कुळांतील. हा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस धोका असतो. डोळा लागलीच भरपूर पाण्यानें धुवून डॉक्टरांकडे जावें. रस पाण्यासारखा असून कांटे लोकरीसारख्या बारीक गादींतून झुपक्यानें निघाले असतील, तर तो अमेरिकेकडील निवडुंग. आपल्याकडील फड्याही मूळचा तिकडचाच.

आमचें रोप या दुसऱ्या कुळाचें ठरलें. तरीही भातशेतीची संवय नडली! रोज पाणी घातलें, कुंडी अंगणांत भिजूं दिली, आणि आषाढांत बुंधा कुजला. तेव्हां निरोगी गर दिसेपर्यंत खालचा भाग कापून टाकला, शेंडा आठ दिवस सावलींत सुकविला, व विटांचा चुरा, जाडी वाळू आणि थोडी माती यांत लावला. वाळू नदीची घ्यावी. आमच्या किनाऱ्याची खारी, ती कामाची नाहीं. कुंडीस भोंक हवेंच. पावसाळ्यांत ती उजेडाच्या पडवींत ठेवावी व माती तळापर्यंत सुकल्यावांचून पाणी घालूं नये.

आश्विनांत शेंड्यास नवे कांटे दिसले. नेमकी जात फूल आल्यावर ठरवूं.