कोळशाची धूळ आणि गालिचा

सावनेर परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. समजा, ती काळी धूळ बुटांबरोबर एखाद्या कचेरीतील गालिच्यावर आली. नुसत्या पाण्याने ती निघेल का? करून पाहा. पेलाभर पाण्यावर कोळशाची अगदी बारीक पूड भुरभुरा. बरीचशी तरंगेल, कारण ती सहज भिजत नाही. आता साबणाच्या पाण्याचे थेंब टाका. पूड भिजून बुडू लागेल! साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे कोळशाकडे ओढ घेते. गालिचा धुणाऱ्या यंत्राचा गोल फिरता ब्रश हे साबणपाणी धाग्यांच्या मुळाशी पोचवतो. मात्र कोरडी धूळ आधी काढावी, नाहीतर तिचा चिखल होतो. पाणीही बेतानेच वापरावे. तळ ओला राहिला, की बुरशी आलीच!