विमानप्रवाशाचे सामान

विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाच्या सामानाचे प्रवासाच्या आरंभीच दोन भाग पडतात. एक भाग तो स्वतःजवळ बाळगतो आणि आसनाच्या वरच्या कप्प्यात किंवा समोरच्या आसनाखाली ठेवतो. दुसरा भाग विमानतळावर वजन करून तो कंपनीच्या स्वाधीन करतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर परत घेतो. पहिल्या भागाला हातसामान आणि दुसऱ्याला नोंदलेले सामान असे म्हणतात. यांपैकी कोणती वस्तू कोठे ठेवावी याचे नियम प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. कात्री हातात चालत नाही, पण पेटीत चालते. पॉवर बँक पेटीत चालत नाही, पण हातात चालते. फटाके कोठेच चालत नाहीत. पुष्कळ प्रवासी ही सारी यादी अधिकाऱ्यांची लहर समजतात आणि तपासणीच्या वेळी हुज्जत घालतात. वास्तविक या नियमांच्या मुळाशी अगदी थोडी तत्त्वे आहेत. ती एकदा ध्यानात आली की यादी पाठ करण्याचे कारण फारसे उरत नाही.

दोन जागांमधील भेद

प्रवासी विमानात लोक बसतात त्या मजल्याच्या खाली मालकक्ष असतो. नोंदलेले सामान तेथे ठेवतात. विमान सुमारे ११ किलोमीटर उंचीवर असते तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणून विमानाच्या आत कृत्रिम रीतीने दाब राखावा लागतो, आणि मालकक्षातील दाबही प्रवासी कक्षाइतकाच असतो. तथापि हा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. साधारणतः २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर जितका दाब असेल, तितक्यापर्यंत तो उतरतो. अर्धवट भरलेल्या तेलाच्या बाटलीतील हवा अशा वेळी प्रसरण पावते आणि सैल झाकणातून तेल बाहेर ढकलते. शाईचे पेन झिरपते तेही याच कारणाने.

दाबाच्या बाबतीत दोन्ही जागा सारख्या असल्या, तरी एका गोष्टीत त्यांच्यात मोठा भेद आहे. प्रवासी कक्षात माणसे असतात. मालकक्षात कोणी नसते. माणूस असला की धूर दिसतो, वास येतो, हाक मारता येते, अग्निशामक नळकांडे हाती घेता येते. त्याचबरोबर माणूस असला की शस्त्र उचलणारा हातही असू शकतो. म्हणून ज्या वस्तूचा धोका माणसाच्या हेतूतून उद्भवतो, ती माणसाच्या हाताबाहेर, मालकक्षात पाठवावयाची. जी वस्तू आपण होऊन पेट घेऊ शकते, ती माणसाच्या नजरेसमोर ठेवावयाची. आणि जी दोन्ही ठिकाणी सारखीच घातक, ती घरीच ठेवावयाची. बहुतेक सर्व नियम या तीन वाक्यांत सामावतात.

मालकक्षातील आग

एके काळी विमानाच्या काही मालकक्षांची रचना अशी असे की आग लागल्यास आतील प्राणवायू संपून ती आपोआप विझावी. कक्ष बंदिस्त असे आणि त्याला आग न धरणारे अस्तर असे. धूर ओळखणारे किंवा आग विझवणारे यंत्र मात्र नसे. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात व्हॅल्यूजेट कंपनीचे ५९२ क्रमांकाचे उड्डाण मायामीहून निघाल्यावर थोड्याच मिनिटांत दलदलीत कोसळले आणि विमानातील सर्व ११० जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाच्या मालकक्षात रासायनिक क्रियेने प्राणवायू निर्माण करणारी, मुदत संपलेली नळकांडी खोक्यांत भरलेली होती. त्यांना सुरक्षा टोपणे बसवलेली नव्हती, आणि कागदोपत्री ती रिकामी असल्याचे लिहिले होते. ही नळकांडी कार्यान्वित झाली म्हणजे अतिशय तापतात आणि प्राणवायूही सोडतात. ज्या कक्षाची सुरक्षितता प्राणवायूच्या अभावावर अवलंबून होती, त्याच कक्षात आगीला प्राणवायूचा पुरवठा झाला. या अपघातानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांच्या अशा कक्षांत धूरसूचक व अग्निशामक यंत्रणा सक्तीची करण्यात आली.

ती नळकांडी कोणा प्रवाशाची नव्हती. तरी या घटनेतील बोध प्रवाशालाही लागू आहे. पेटीच्या आत काय आहे हे भरणाऱ्याला ठाऊक असते, वाहून नेणाऱ्याला नसते. खोटी किंवा निष्काळजी नोंद झाली की पुढील साऱ्या यंत्रणा आंधळ्या होतात.

धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीसंबंधीचे जागतिक नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना ठरवते. हिचे मुख्य कार्यालय माँट्रियल येथे असून ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारातून ती निर्माण झाली. या करारास जोडलेले अठरावे परिशिष्ट या विषयाला वाहिलेले असून ते १९८१ साली स्वीकारण्यात आले. धोकादायक पदार्थांचे नऊ वर्ग मानले जातात : स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन, प्राणवायू देणारे पदार्थ, विषारी व रोगकारक पदार्थ, किरणोत्सारी पदार्थ, संक्षारक पदार्थ आणि इतर. भारतात यासंबंधीचे नियम २००३ साली करण्यात आले.

माणसाच्या हेतूचा धोका

चाकू, कात्री, वस्तरा, स्क्रूड्रायव्हर, क्रिकेटची बॅट या वस्तू आपण होऊन काहीच करत नाहीत. त्या हातात चालत नाहीत, कारण त्यांच्या धाकाने विमानाचा ताबा घेता येतो. या वस्तू पेटीत ठेवाव्यात. मात्र सामान उघडून पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला इजा होऊ नये म्हणून धार गुंडाळून ठेवावी.

परंतु पेटी माणसाच्या हाताबाहेर गेली म्हणजे धोका टळलाच, असे मात्र नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे बोईंग ७४७ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर असताना बाँबस्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जणांचा अंत झाला. बाँब नोंदलेल्या सामानात होता. ती पेटी कॅनडातील व्हँकूव्हर येथे स्वाधीन करण्यात आली होती, पण ती देणारा इसम विमानात चढलाच नव्हता. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर अशाच दुसऱ्या पेटीचा स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. प्रवासी चढला नाही तर त्याची पेटी उतरवावयाची, या नियमाचे महत्त्व या घटनांनी जगाला पटवून दिले. एका प्रवाशाची पेटी शोधण्यासाठी विमान अर्धा तास खोळंबले, तर चरफडणाऱ्या सहप्रवाशांनी हे स्मरणात ठेवावे. अनोळखी माणसाने दिलेली वस्तू आपल्या सामानात घेऊ नये, ही सूचनाही याच अनुभवातून आलेली आहे. भारतात नागरी विमानवाहतूक सुरक्षेचा विभाग १९७८ साली स्थापन झाला होता. कनिष्कच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली त्याला स्वतंत्र खात्याचे स्वरूप देण्यात आले.

द्रव पदार्थांवरील निर्बंध याहून अलीकडचा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एक कट उघडकीस आला. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अटलांटिक महासागरावरून जाणारी विमाने उडवण्याचा तो बेत होता. त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांना पाणी आणि असा द्रव यांतील भेद सहज ओळखता येत नसे. म्हणून हातसामानातील प्रत्येक द्रवाचे पात्र १०० मिलिलिटरपेक्षा मोठे नसावे आणि अशी सर्व पात्रे एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावावीत, असा नियम आंतरराष्ट्रीय प्रवासात रूढ झाला. येथे पात्राचा आकार मोजला जातो, आतील पदार्थाचे प्रमाण नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी थोडेच तेल असले तरी ती चालत नाही. दंतमंजनाचा लेप, मलम, जॅम, पातळ तूप हेही द्रवांतच मोडतात. आवश्यक औषधे आणि तान्ह्या मुलाचे अन्न यांना सवलत असते. काही विमानतळांवर नव्या पद्धतीची यंत्रे बसवल्यामुळे ही मर्यादा शिथिल झाली आहे. तथापि जाताना सवलत मिळाली म्हणून येताना, किंवा वाटेत विमान बदलताना, ती मिळेलच असे गृहीत धरू नये.

नजरेसमोर ठेवावयाच्या वस्तू

लिथियम बॅटरी लहान जागेत पुष्कळ ऊर्जा साठवते. हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. ती दबली, तिच्या आत दोष असला किंवा तिची दोन टोके धातूच्या वस्तूने जोडली गेली, तर ती तापू लागते. एका मर्यादेपलीकडे ही उष्णताच आतील रासायनिक क्रियेचा वेग वाढवते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि शेजारचे घटही पेटतात. मालकक्षात हॅलॉन नावाचा वायू सोडून आग दाबण्याची सोय असते. हॅलॉन ज्वाळा विझवतो. परंतु एका घटातून दुसऱ्या घटाकडे जाणारी ही उष्णतेची साखळी तो तोडू शकत नाही. त्यासाठी भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करावी लागते, आणि हे काम माणूसच करू शकतो.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोईंग ७४७ विमानात लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली. विमान कोसळले व दोन्ही वैमानिक मरण पावले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास बंदी घालण्यात आली. प्रवाशाला मात्र सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक स्वतःजवळ नेण्याची मुभा राहिली. पेटीत त्या कधीही ठेवू नयेत. मर्यादा वॅट-तासांत सांगितली जाते. १०० वॅट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत कंपनीच्या अनुमतीने दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. त्यापुढील नेता येत नाहीत.

हा आकडा काढणे कठीण नाही. वस्तूवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांना १,००० ने भागावे आणि घटाच्या दाबाने, म्हणजे बहुधा ३.७ व्होल्टने, गुणावे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक यानुसार ७४ वॅट-तासांची ठरते. ३०,००० ची १११ वॅट-तासांची, म्हणजे अनुमती लागणारी ठरते. ज्या वस्तूवर आकडाच नाही किंवा तो पुसला गेला आहे, ती तपासणीत अडवली जाण्याचा संभव असतो.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे उड्डाणापूर्वी एका विमानात आसनावरच्या कप्प्यातून आग निघाली. सर्व जण बाहेर पडले, विमान मात्र जळाले. तपासात पॉवर बँकेतील बिघाडाची शक्यता पुढे आली. त्यानंतर त्या देशाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात न ठेवता जवळच बाळगण्याचा नियम केला. नजरेसमोर ठेवणे याचा अर्थ खरोखरच नजरेसमोर, असा घ्यावयास हवा.

येथे एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. विमान भरलेले असले आणि वरचे कप्पे अपुरे पडले, तर दाराशी काही प्रवाशांचे हातसामान घेऊन ते खाली मालकक्षात पाठवतात. सकाळी नियमाप्रमाणे हातसामानात ठेवलेली पॉवर बँक अशा वेळी नकळत मालकक्षात जाते. पिशवी देण्यापूर्वी ती काढून घेणे हे प्रवाशाचे कर्तव्य आहे. घाईत कोणी विचारले नाही, तरीही.

घरगुती वस्तू

पुष्कळशा धोकादायक वस्तू आपल्या घरात नित्याच्या वापरात असतात, म्हणूनच त्यांच्याविषयी शंका येत नाही. सुके खोबरे हे याचे उत्तम उदाहरण. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण मोठे असते. हवेतील प्राणवायूशी या तेलाचा संयोग होताना उष्णता निर्माण होते, आणि दाटीने भरलेल्या साठ्यातून ती बाहेर पडू शकली नाही तर खोबरे आपण होऊन पेटू शकते. म्हणून ते आपोआप पेटणाऱ्या पदार्थांत गणले जाते आणि प्रवाशाला हातात वा पेटीत नेऊ दिले जात नाही. अख्ख्या नारळाची गोष्ट वेगळी. तो पेटीत नेता येतो, हातात नव्हे. पण शबरीमला यात्रेकरूंची इरुमुडी ध्यानात घेऊन २०२४ च्या हंगामात, २० जानेवारी २०२५ पर्यंत, तपासणीनंतर तो हातसामानात नेण्यास परवानगी देण्यात आली होती.

पारा हे दुसरे उदाहरण. विमानाचा सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियमवरील संरक्षक थर भेदून पारा आत शिरला, तर तो धातू झपाट्याने पोखरतो. म्हणून पाऱ्याचा ताप मोजण्याचा एखादाच थर्मामीटर, तोही त्याच्या पेटीत सुरक्षित ठेवून, नोंदलेल्या सामानात नेता येतो.

अत्तरे, केसांचे फवारे यांसारख्या प्रसाधनांना प्रत्येकी अर्धा लिटर वा अर्धा किलो आणि एकूण दोन लिटर वा दोन किलो अशी मर्यादा आहे. चोवीस टक्क्यांहून अधिक व सत्तर टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेले मद्य मूळ बंद बाटल्यांत पाच लिटरपर्यंत नेता येते. सत्तर टक्क्यांपुढील मुळीच नाही. फटाके, फुलबाज्या, स्वयंपाकाच्या गॅसची लहान नळकांडी, पेट्रोल, रंग पातळ करण्याचा द्रव, आम्ल या वस्तू दोन्हीकडे निषिद्ध आहेत. दिवाळीत मुलांसाठी म्हणून पेटीत घातलेली फुलबाजीची लहानशी पेटीही यातून सुटत नाही.

सामान भरताना

प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन प्रश्न विचारावेत. ही आपण होऊन पेटू, फुटू वा गळू शकते काय? हिने कोणी दुसऱ्याला धाक घालू शकतो काय? ही हरवली तर माझे अडेल काय? पहिल्या दोहोंची उत्तरे वर आली आहेत. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर ती वस्तू हातसामानात घ्यावी : रोजची औषधे व त्यांची चिठ्ठी, महत्त्वाची कागदपत्रे, चष्मा, दागिने. चाकांच्या खुर्चीची बॅटरी, प्राणवायूचे साधन, कोरडा बर्फ अशा वस्तू न्यावयाच्या असतील तर कंपनीला आधी कळवून अनुमती घ्यावी. शंका असल्यास वस्तू लपवू नये, विचारावे. क्ष-किरण यंत्र पुष्कळ काही दाखवते, पण खोक्यावर लिहिलेला मजकूर खरा की खोटा हे ते सांगू शकत नाही. ते काम सामान भरणाऱ्याचे आहे, आणि शेजारच्या आसनावरील अनोळखी माणसाचा जीव त्याने ते नीट केले असेल यावरच विसंबून असतो.