पट्टी चिकटवण्याआधी भिंतीला विचार

अगं, खोलीत लाकडी पट्ट्या लावायच्या, पण एकही खिळा मारायचा नाही, हे तू ठरवलंस ते बरंच केलंस. भाड्याच्या घरात आतून वायरी कुठून गेल्यात ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि बारीक पट्टीच्या टोकाला खिळा मारला की ती हमखास चिरते. फक्त दुकानात जाऊन "सगळ्यात घट्ट चिकटणारं द्या" असं म्हणू नकोस. काय चिकटवायचंय आणि कशाला, ते आधी सांग. उत्तर त्यावरच ठरतं.

पट्टी प्लायला किंवा उघड्या लाकडाला लावायची असेल, तर आपलं नेहमीचं पांढरं फेव्हिकॉल घे. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, उडून जातं, आणि मग पकड बसते. म्हणून पाणी शोषणारं लाकूड त्याला लागतंच. सनमायकावर किंवा ऑइल पेंटवर ते नीट धरत नाही. पातळ, एकसारखा थर दे आणि पट्टी दाबून ठेव. शिकंजा नसेल तर मास्किंग टेप ताणून लाव. पूर्ण ताकद यायला 24 तास दे, मध्ये हलवून बघू नकोस.

भिंतीचं गणित वेगळं आहे. भिंत कधीच सरळ नसते, पट्टीमागे कुठे ना कुठे फट राहते, आणि पांढरा गोंद फट भरत नाही. तिथे गनने दाबून काढायचा, दाट, खिळ्यांऐवजी वापरायचा गोंद घे. हार्डवेअरच्या दुकानात नेल-फ्री म्हणून मागितलास की मिळतो. तो फट भरतो. त्यातला वाळल्यावरही थोडा लवचिक राहणारा निवड, कारण पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. मागच्या बाजूला नागमोडी रेघ ओढ, कडेपासून थोडं आत, म्हणजे दाबल्यावर बाहेर येणार नाही. साधं सिलिकॉन मात्र टाळ. त्यावर रंग बसत नाही.

सनमायकासाठी लागणारं पिवळसर रबरी सोल्युशन सुतार वापरतात. दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून नवख्या हाताने लांब पट्टीसाठी ते घेऊ नये. शिवाय त्याची वाफ पेट घेते. वापरलंस तर खिडक्या उघड, गॅस बंद कर, देवघरातली समईसुद्धा शांत कर आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठव. एवढं माझं ऐकच.

दोन ट्यूबांचं अ‍ॅरल्डाइट तुटका कोपरा किंवा धातूला लाकूड जोडायला उत्तम. सबंध खोलीभर ते महाग पडेल. फेव्हिक्विक फार तर कोपऱ्यातला बारीक तुकडा जागेवर धरायला. त्याची पकड ठिसूळ असते, धक्का बसला की सुटते.

आता खरी गोष्ट सांगते. गोंद रंगाला धरतो, रंग पुट्टीला आणि पुट्टी प्लास्टरला. यातला जो थर कच्चा, तिथून पट्टी निघते आणि बोल मात्र गोंदाला लागतो. म्हणून आधी भिंतीवर चिकट टेपचा तुकडा दाबून लाव आणि झटक्यात ओढ. टेपला रंगाचे पोपडे किंवा पांढरी भुकटी आली, तर पट्टी बसेल तेवढी जागा खरवडून काढ. ऑइल पेंट असेल तर पॉलिश पेपरने चमक घालव. धूळ पुसून घे. भिंतीला ओल असेल तर कुठलाच गोंद आणू नकोस, आधी ओल बंद कर.

पट्टी सागवानी असेल तर आणखी एक. सागात तेल असतं, आणि तेलकट कपाळावर टिकली टिकत नाही तसंच तिथे होतं. मागची बाजू घासून, अ‍ॅसिटोनने पुसून लगेच गोंद लाव. आणि कुठलीही पट्टी आणल्या आणल्या लावू नकोस, दोन-चार दिवस त्याच खोलीत आडवी ठेव.

घरमालकांना आधी विचार हो. पुढे काढताना ड्रायरने ऊब देऊन मागून नायलॉनची दोरी करवतीसारखी ओढली तर पट्टी सुटते, पण थोडा रंग जाणारच. आणि फळी, आरसा, किंवा पलंगावर टांगायचं काहीही वजनदार असेल, तर तिथे गोंदावर विसंबू नकोस. स्क्रूच हवा. तिथे तुझं बाळ झोपतं.

सुरुवात हातभर तुकड्याने कर, कपाटामागे कुणाला दिसणार नाही अशा जागी. दुसऱ्या दिवशी जोर लावून ओढून बघ. सोबत रंग घेऊन निघाली तर भिंतीचं काम राहिलंय. नाही निघाली, तर बाकीच्या निर्धास्त लाव.