प्राचार्यांचा तक्ता

देहू,
फाल्गुन वद्य तृतीया

चि. ताईस,

काल तुकाराम बीज झाली. दुपारी बाराला माझ्या शेजारी एक म्हातारे वारकरी उभे होते. नांदुरकीची पानं हलली म्हणून त्यांनी हात जोडले. नातवाला काहीच दिसलं नाही. दोघंही समाधानानं प्रसादाला गेले. ज्याला जे दिसलं ते खरं, देवाच्या दारी हे चालतं. तू अंगावर घेतलेल्या कामात चालायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

महाविद्यालय विकास समितीवर तुला घेतलं, याचा आनंद आहेच. माजी विद्यार्थिनी, त्यात चाकणला कंपनीत एचआरला; मग अध्यक्ष म्हणणारच, ‘प्राचार्यांची पाच वर्षं संपत आलीत, तुमच्याकडं अप्रेझल असतं तसा तक्ता करून द्या.’ तू लगेच हो म्हणालीस. घाई केलीस.

आधी कुणाचा अधिकार किती ते बघ. प्राचार्यांची नेमणूक पाच वर्षांची. पुढची पाच मिळायची तर विद्यापीठानं नेमलेली समिती त्यांचं काम तपासते. त्यात एक प्रतिनिधी कुलगुरूंचा, एक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांचा. म्हणजे निकाल तुमचा नाही. पण त्या दोघांपुढं कॉलेजातून जो कागद जाईल, त्यावर तुझ्या तक्त्याची सावली असणार. कुलगुरूंची गोष्ट तर आणखी मजेची. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं त्यांना पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, दुसरी खेप नाही; आणि व्यवस्थापन परिषदेच्या अध्यक्षपदी तेच. आपल्याच अध्यक्षांना गुण कोण देणार? तिथं विचारणारे एक कुलपती, म्हणजे राज्यपाल. त्या मानानं प्राचार्यांना निदान एकदा तरी परीक्षा आहे.

मी एका संस्थेच्या नियामक मंडळावर नऊ वर्षं होतो. चार वर्षं आम्ही प्राचार्यांच्या अहवालावर टाळ्या वाजवल्या. पाचव्या वर्षी एका प्रवेशावरून त्यांचं एका सदस्याशी बिनसलं आणि एका दुपारीत ते अकार्यक्षम ठरले. त्यांच्याविरुद्ध लेखी एक ओळ नव्हती. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर ते मला आळंदीला एकदा भेटले, नमस्कारही केला. मला मान वर करवली नाही.

तुमच्या कंपनीच्या लाइनवर नग मोजता येतात, रिजेक्शन मोजता येतं, कारण सुपरवायझरला माणसं आणि माल दिलेला असतो. प्राचार्यांना रिकामी जागा भरायची तर शासनाची परवानगी लागते. तोवर वर्ग तासिका तत्त्वावरच्या पोरांच्या जिवावर. ही उणीव त्यांच्या नावावर मांडू नकोस. पण त्या पोरांची बिलं सहसंचालक कार्यालयात वेळेवर गेली का, हे त्यांच्या हातात आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे किती अर्ज त्यांच्या लॉगिनला पडून राहिले, तेही. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे कार्यालयात न विचारता स्वतः जाऊन बघ. नॅकचा दर्जा वाढला असेल तर हार एकट्या प्राचार्यांच्या गळ्यात नको. रात्री जागून फायली लावणारे दुसरेच असतात.

आणि तक्ता तू आधी भरू नकोस. अमेरिकेतली विश्वस्त मंडळं विद्यापीठाच्या अध्यक्षाकडून बहुधा आधी त्याचंच म्हणणं लिहून घेतात: काय ठरवलं होतं, काय झालं, काय राहिलं. ही रीत घेण्यासारखी आहे. सरांकडून दोन पानं घे, मग शिक्षकांशी बोल, शिपायांशी बोल, आणि तुमचा शेरा सरांना वाचून दाखवून त्यांचं उत्तर त्यालाच जोड. पाच वर्षांपूर्वी संस्थेनं त्यांना नेमकं काय करायला सांगितलं होतं, तेही शोध. कागद सापडला नाही, तर आधी संस्थेचे गुण काप. अध्यक्षांना आवडणार नाही. न आवडो.

एक विसरत होतो. तुमच्या समितीचे सदस्य-सचिव प्राचार्यच असतात, म्हणजे त्यांच्यावर झालेल्या चर्चेचं इतिवृत्त त्यांच्याच टेबलावरून येणार. तेवढ्या विषयापुरतं ते दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा, हे पहिल्याच बैठकीत मांड. आणि सहीला आलं की पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस.

तुझा,
काका