निरोगी दिसणारे हरीण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबर महिना हा हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तेथे मात्र परवाना काढून ठरावीक दिवसांत शिकार करता येते, आणि ते मांस अनेक कुटुंबे पुढे कित्येक महिने पुरवून खातात. २००१ च्या हंगामात मारलेल्या हरणांपैकी तिघांना 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज', म्हणजे शरीर झिजवणारा रोग, असल्याचे फेब्रुवारी २००२ मध्ये सिद्ध झाले. आता घरात साठवलेले मांस खावे की टाकावे, असा प्रश्न शिकाऱ्यांपुढे उभा राहिला.

हा रोग प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडो राज्यात, संशोधनासाठी पाळलेल्या हरणांत दिसला. १९८१ मध्ये तो रानातल्या एल्क जातीच्या हरणात सापडला, तर २०१६ मध्ये नॉर्वेतील रानटी रेनडिअरमध्येही आढळला. रोगी हरीण खंगते, मान खाली घालून अडखळत चालते, तोंडातून लाळ गळते आणि शेवटी मरतेच. परंतु ही लक्षणे लागण झाल्यावर साधारण दीड वर्षाने किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. तोपर्यंत हरीण धडधाकट दिसते आणि लाळ, मूत्र व विष्ठा यांतून रोग पसरवीत राहते!

हा रोग होतो तरी कशामुळे?

याचे कारण जीवाणू नाही आणि विषाणूही नाही. मेंदूतील एका नेहमीच्या प्रथिनाची घडी चुकते. असे चुकीच्या घडीचे प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखी घडी घालायला लावते. तुम्ही तुरटीच्या संपृक्त द्रावणात तुरटीचा लहानसा स्फटिक दोऱ्याने टांगून पाहिला असेल. द्रावणातील कण त्याच्यावर त्याच्याच रचनेत बसत जातात व स्फटिक वाढतो. येथेही काहीसे तसेच घडते. अशा प्रथिनाला स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' हे नाव दिले. या कार्याबद्दल त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रायॉन मांस शिजवल्याने नष्ट होत नाहीत आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

शिकाऱ्यांची भीती निराधार नव्हती. १९८६ मध्ये ब्रिटनमधील गाईंत अशाच जातीचा रोग ओळखला गेला होता, आणि तो मांसावाटे माणसाला होत असावा, असे १९९६ मध्ये जाहीर झाले होते. हरणांचा रोग माणसाला झाल्याचे एकही उदाहरण अद्याप सिद्ध झालेले नाही. तरीही, रोगाच्या प्रदेशातील हरीण तपासून घ्यावे व रोगी ठरल्यास त्याचे मांस खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

तपासणीसाठी हरणाच्या मानेतील लसिका ग्रंथी किंवा मेंदूच्या देठाचा तुकडा घेतात. निकालात 'रोग आढळला नाही' असे लिहितात, 'रोग नाही' असे लिहीत नाहीत. लागण ताजी असेल तर ती चाचणीला सापडत नाही.

संपूर्ण जंगलाबद्दल बोलतानाही हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो. समजा, शंभरात एक हरीण रोगी आहे. मग कोणतेही एक हरीण निरोगी निघण्याची शक्यता ०.९९. दहा हरणे तपासली तर दहाही निरोगी निघण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.९०. शंभर तपासली तर ती ०.३७ होते आणि तीनशे तपासली तर ०.०५. म्हणजे दहा हरणे तपासून 'आमच्या रानात रोग नाही' असे म्हणणारा मनुष्य दहापैकी नऊ वेळा फसेल. तीनशे तपासणारा वीसपैकी एकदाच फसेल.

एवढे नमुने आणायचे कोठून? ते शिकाऱ्यांनीच आणून दिले. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सुमारे ४०,००० हरणांची तपासणी झाली. ज्यांना काळजी होती, त्यांच्याच हातून रोगाचा नकाशा तयार होऊ लागला.

आता तुम्ही गणित करा: पन्नासात एक हरीण रोगी असेल, तर फसण्याची शक्यता ०.०५ पर्यंत आणण्यासाठी किती हरणे तपासावी लागतील? उत्तर तीनशेपेक्षा कमी येईल की जास्त, याचा अंदाज आधी बांधा आणि मगच आकडेमोडीला लागा.